आमदार आमचा, गट कुणाचा?

निवडणूक जवळ आली की सगळ्याच पक्षांचे उमेदवार आमच्या दारी येतात. मराठी शाळांचा विषय निघतो, राजभाषेचा निघतो. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराची तरतूद राहिली. ती नीट अमलात यावी, एवढे आमचे साधे मागणे असते. उमेदवार मान डोलावतात. पण निवडून गेल्यावर पर्वरीच्या सभागृहात ते बोलणार कुणाच्या सांगण्यावरून, हे आम्ही कधी विचारत नाही. या अंकात तोच विषय घेत आहोत.

निवडून आलेल्या आमदारांचा मिळून विधिमंडळ गट होतो. गटाला नेता असतो, प्रतोद असतो. मतदानाच्या वेळी प्रतोद पक्षादेश काढतो. तो मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा हा धाक. म्हणून गटनेता कोण होतो, हा त्या पक्षाचा घरगुती मामला नव्हे.

२०१७ साल आठवा. काँग्रेसला १७ जागा, भाजपला १३. पण काँग्रेसचा गटनेता ठरण्यात वेळ गेला. तेवढ्यात मनोहर पर्रीकरांनी मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांची पत्रे घेऊन राज्यपालांकडे दावा केला. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा बहुमताचा पुरावा तुम्ही राज्यपालांना दिला होता का, असा प्रश्न तिला ऐकावा लागला. १६ मार्चला सभागृहात २२ विरुद्ध १६ असा निकाल लागला. सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला.

पुढचे प्रकरण अधिक बोचणारे आहे. एकट्या आमदाराने पक्ष सोडला तर तो अपात्र ठरतो. गटातील दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर वाचतात. पूर्वी एक तृतीयांशांना फूट म्हणून सवलत होती, ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली. आणि ४० जणांच्या विधानसभेत दोन तृतीयांश म्हणजे किती माणसे? मार्च २०१९ मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे मध्यरात्री भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले, आणि त्यांचे पुढारी खुद्द विरोधी पक्षनेते होते. ते उपमुख्यमंत्री झाले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले.

मगोच्या त्या रात्रीचे आम्हाला विशेष वाटले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या या पक्षाला आमच्या वाडवडिलांनी १९६३ पासून मते दिली, ती मराठीसाठी. त्या मतांची वासलात दोन सह्यांनी लागली. २०१९ च्या फुटिरांना मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अपात्र ठरवले नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर ठरले. मतदारांच्या दृष्टीने ठरले का, हा प्रश्न वेगळा.

उलट उदाहरणेही याच गोव्यात आहेत. २०१७ मध्ये विश्वजीत राणे यांनी काँग्रेस सोडताना आमदारकीचा राजीनामा दिला आणि वाळपईत पुन्हा मते मागितली. पुढे सुभाष शिरोडकर व दयानंद सोपटे यांनीही तेच केले. तिघेही निवडून आले. त्यांचा निर्णय पटो वा न पटो, मतदाराला विचारले तरी गेले.

महाराष्ट्रातील शिवसेनेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले की प्रतोद व गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नव्हे. ही गोष्ट चांगली झाली. पण पक्ष म्हणजे तरी कोण? कार्यकर्त्यांना आणि मतदारांना विचारण्याची पद्धत पक्षात नसेल, तर अधिकार फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. पुढच्या वेळी उमेदवार ओटीवर आला की चहा जरूर द्या, पण मराठीच्या आश्वासनाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. गटनेता निवडताना तुम्ही कुणाला विचाराल? आणि पक्ष बदलावासा वाटला, तर आधी राजीनामा देऊन परत आमच्याकडे याल का? उत्तर चारचौघांत द्यायला लावा. देवासमोर घेतलेली शपथ विसरता येते. शेजाऱ्यांसमोर दिलेला शब्द विसरू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.