हात बसेपर्यंत

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमची भाची मेधा घरी येऊन थडकली. मेधा एम.बी.बी.एस. झाली आहे, डोंबिवलीला एका दवाखान्यात बसते आणि सर्दी-पडशाला कंटाळली आहे. चहाचा कप हाती येण्याच्या आतच तिने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, वाचा आणि सांगा, करू का?"

ती एका शिक्षणक्रमाची जाहिरात होती. घरबसल्या सहा आठवड्यांत बोटॉक्स आणि फिलर शिका. चाळीस तासांच्या चित्रफिती, शेवटी परीक्षा, आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगे प्रमाणपत्र. शुल्क पंचेचाळीस हजार रुपये.

मराठीच्या प्राध्यापकाला हे कशाला विचारायचे, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले. पण पडद्यावरून शिकवण्याचा अनुभव आमच्या घरात मलाच अधिक. २०२० सालच्या टाळेबंदीत मी कित्येक महिने काळ्या चौकोनांना मराठी शिकवले. व्याकरण उत्तम झाले. मुले मला मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा ऐकत. वर्गात ही सोय नाही. वृत्तांची लक्षणेही चोख पाठ झाली. पण कॉलेज उघडल्यावर एका मुलीला कविता म्हणायला उभे केले, तेव्हा यती कोठे आहे हे तिला माहीत होते आणि श्वास मात्र भलत्याच ठिकाणी तुटत होता. समोर उभे राहून, टेबलावर ताल धरून दोन-तीन तासांत ते सुधारले. कवितेचे त्यात काही बिघडले नाही.

"तुझ्या विद्येत बिघडलं तर काय बिघडतं?" मी मेधाला विचारले.

तिने सांगितले ते ऐकून माझा चहा निवला. बोटॉक्स स्नायूला सैल करते. भुवयांमधल्या आठ्या तीन-चार महिने जातात. पण औषध थोडे इकडे-तिकडे पसरले, तर पापणी खाली येते आणि काही आठवडे तशीच राहते. ते तरी आपोआप बरे होते. फिलरचे प्रकरण वेगळे. ते जेलसारखे असते, कातडीखाली भरायचे. सुईचे टोक चुकून रक्तवाहिनीत गेले, तर रक्त अडते, कातडी पांढरी पडते आणि वेळीच उपाय झाला नाही तर सडते. नाकाजवळ आणि भुवयांच्या मध्ये तर फारच जपावे लागते, कारण तेथल्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिनीशी संबंध आहे. जोराने ढकललेले जेल उलटे डोळ्यापर्यंत पोचले, तर कायमचे अंधत्व येऊ शकते. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज नावाचे औषध आहे, पण ते हाताशी हवे आणि कातडीचा रंग बदलला हे त्याच क्षणी ओळखता यायला हवे.

"आणि हे सगळं तू कुठं शिकलीस?"

"पडद्यावरच," मेधा म्हणाली.

झाले! पडद्याची निंदा करण्याची माझी सोयच गेली. चेहऱ्यातील वाहिन्यांचे जाळे, औषधाचे प्रमाण, सुई कोणाला टोचूच नये, हे सारे पडदा शिकवतो आणि कदाचित घाईत असलेल्या गुरूपेक्षा बरे शिकवतो. पण सुई किती खोल गेली, दट्ट्याला विरोध किती होतो आहे, हे बोटांना कळायचे असते.

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चित्रफीत पाहून अनरसे केले होते. चित्रफितीत सर्व काही होते, पीठ किती सैल हे मात्र बाईंच्या बोटांत होते. पहिला घाणा तुपात असा हसला, की कढईत नुसता चुरा उरला. शेवटी शेजारच्या जोशीकाकूंनी येऊन पीठ चिमटीत धरून दाखवले.

मला मात्र सुश्रुत आठवला. सुश्रुतसंहितेत शिष्याचा हात तयार करण्यासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शिरा टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. पट्टी बांधायला कापडाचा माणूस. शास्त्र कितीही पढलेला असो, हा सराव न केलेला शिष्य कामाला अपात्र, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

आणि दुरून शिकण्याचे एक नामांकित उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि नाक गमावून बसला. पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. जोसेफ कार्प्यू या तेथल्या शस्त्रवैद्याने ती विद्या उचलली आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर प्रयोग केला. मधल्या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. त्याने शवांवर हात बसवून घेतला होता. वीस वर्षांपुढे सहा आठवडे म्हणजे काय!

आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली केशरोपणाबद्दलच्या सूचनांत हेच बजावले आहे: कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर नुसते पाहणे हे सौंदर्योपचार सुरू करण्याइतके शिक्षण नव्हे. हे उपचार तातडीचे नाहीत, असेही त्यात म्हटले आहे, आणि मला तेच महत्त्वाचे वाटले. अपघातात सापडलेल्या माणसासाठी डॉक्टर मिळेल तो हात लावतो. येथे धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी येतो. त्याला थांबवता येते. डॉक्टरलाही थांबता येते.

"त्यांना फोन कर," मी म्हटले, "आणि एकच विचार. कोणी जाणता शेजारी उभा असताना मी स्वतः किती चेहऱ्यांना सुई लावणार?"

मेधाने तेथेच फोन लावला. पलीकडच्या गोड आवाजाने प्रमाणपत्रावर होलोग्राम असल्याचे सांगितले. तिने प्रश्न पुन्हा विचारला. मग कळले, की शेवटी अर्धा दिवस प्रत्यक्ष काम असते, एका चेहऱ्याभोवती बारा डॉक्टर.

मेधाने पंचेचाळीस हजार वाचवले. आता ती शरीररचनेचा भाग रात्री पडद्यावर पाहते आणि दर शनिवारी एका वडीलधाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात उभी राहते. पहिले काही महिने हातात सुई मिळणार नाही, असे बाईंनी आधीच सांगून टाकले आहे. मेधा थोडी कुरकुरते, पण जाते.

परवा ती फराळाला आली, तेव्हा सौभाग्यवतींनी उदार मनाने आपले कपाळ देऊ केले. "माझ्या आठ्यांवर शीक, माझी हरकत नाही."

मेधाने त्या आठ्यांकडे बारकाईने पाहिले आणि अनरसा उचलला. "मामी, तुमचा नंबर पन्नासावा."