टॉवेल नावाचा गुरू

गोल्फमध्ये सगळ्यांना हौस लांब फटक्यांची. ग्रीनजवळचा इवलासा ‘चिप’ मात्र कुणी घोटत नाही. माझं स्पष्ट मत आहे, निम्मा खेळ तिथेच हातचा जातो.

चूक बहुतेकांची एकच. चेंडू वर जावा म्हणून मनगटं वळवून त्याला उचलायला बघायचं. मग क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसतो. अहो, उचलायचं काम वेजच्या तिरप्या बनावटीचं. ते तिलाच करू द्या!

उपाय फुकटचा आहे. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा. डावखुरे नसाल तर भार डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे. टॉवेलला न शिवता आधी चेंडू, मग गवत. चुकलात की टॉवेल लगेच सांगतो, तेही न रागावता.

१९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात पॉल रनियनने सॅम स्नीडला हरवलं, तेही ७ होल बाकी असताना. स्नीडचे फटके कितीतरी लांब जायचे, पण रनियनचा जवळचा खेळ भारी पडला. तेव्हा नवा महागडा ड्रायव्हर घेण्याआधी महिनाभर रोज २० मिनिटं टॉवेलला देऊन बघा. रियाज म्हणतात तो हाच.