जुनी गाडी पैसे खाते म्हणे!

"विकून टाक रे तो खटारा!" परवा इथे अमेरिकेत एका मित्राने फुकटचा सल्ला दिला. खटारा म्हणजे माझी १९९४ची माझदा मियाटा. दोन सीट, कापडी टप. "जुनी गाडी पैसे खाते" हे त्याचं ठरलेलं पालुपद.

साफ चूक! पैसे गाडी नाही, आपला आळस खातो.

मियाटाचंच बघा ना. टपावरचं पावसाचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानं-कचरा अडकून त्या तुंबल्या, की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि गाडी आतून गंजते. नळ्या साफ करायला दहा मिनिटं पुरतात. गंजका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, तर हजारो डॉलर. आधीच्या मालकाने ती दहा मिनिटं वाचवली, बिल मी भरलं.

आपण प्रोग्रामर लोक तरी वेगळं काय करतो? जुन्या कोडमधल्या वॉर्निंग्जकडे वर्षानुवर्षं बघायचं नाही, आणि मग मीटिंगमध्ये म्हणायचं, "सगळं नव्याने लिहू या."

खुद्द माझदाने २०१७ साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्या दुरुस्त करून पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली. बनवणाऱ्याला ती भंगार वाटत नाही, मग आपल्यालाच का?

नवी घ्या, जरूर घ्या. पण लक्ष दिलं नाहीत, तर तीही सडणारच आहे राव!