पदकाच्या कडेवरचे नाव

मराठी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसांच्या दाटीत, एक मजकूर वारंवार दिसतो. ‘मी, माजी सैनिक, आर्मी क्रमांक अमुक, माझ्या सैन्य दस्तऐवजात पत्नीचे नाव लक्ष्मीबाई असे नोंदले आहे, ते आधार कार्डाप्रमाणे लक्ष्मी असे वाचावे.’ कधी मुलाची जन्मतारीख असते, कधी आडनावातले एक अक्षर. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा फौजी जिल्ह्यांत या जाहिराती वाचकाच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यातली विसंगती आता कोणाला खटकत नाही. चूक लिहिली पलटणीतल्या किंवा रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने. ती दुरुस्त करण्यासाठी प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्प पेपर, नोटरीची फी, जाहिरातीचे पैसे आणि हेलपाटे मात्र ज्याच्याविषयी चूक झाली त्याच्या वाट्याला. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा भार उलटा ठेवला गेला आहे. ज्याने नोंद ठेवली, सांभाळली आणि प्रसंगी नष्टही केली, तिच्या खरेपणाचे ओझे त्यानेच वाहिले पाहिजे.

चुका होतात यात नवल नाही. जवान भरती होतो त्या दिवशी त्याचे नाव, गाव, वडील आणि जन्मतारीख ‘शीट रोल’वर चढते. पुढे लग्न झाले, मूल झाले, बदली झाली, जखम झाली, पदकाची पात्रता आली की प्रत्येक गोष्ट ‘पार्ट टू ऑर्डर’ निघून नोंदीत जाते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची नोंद बेळगावात, बॉम्बे सॅपर्सच्या जवानाची खडकीला, तोफखान्याची नाशिक रोडला, महार रेजिमेंटची सागरला. पलटण हिमालयात आणि रेकॉर्ड ऑफिस हजार मैलांवर. मधल्या प्रवासात एखादी ऑर्डर निघायची राहिली, तर ती घटना कागदापुरती घडलेलीच नसते. त्यात आपल्या नावांच्या तऱ्हा. मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट १ जून लिहिलेली जन्मतारीख, ‘राव’ आणि ‘बाई’ कधी लावलेले कधी गाळलेले, परप्रांतीय कारकुनाने इंग्रजीत उतरवताना ‘जाधव’चा केलेला ‘जादव’. ही फक्त खालच्या पायरीवरची गोष्ट आहे असेही नाही. जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्माचे वर्ष लष्कराच्याच दोन शाखांच्या दप्तरांत वेगवेगळे होते, एकीत १९५०, दुसरीत १९५१. तो वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर याचिका मागे घ्यावी लागली. लष्करप्रमुखाच्या नोंदीत हे घडू शकते, तर शिपायाच्या नोंदीत घडलेली चूक हा त्याचा निष्काळजीपणा कसा ठरतो?

पदकांच्या बाबतीत हाच उलटा न्याय अधिक बोचरा होतो, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करतो. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र हे शौर्याचे सन्मान आहेत. ते द्यायचे की नाही हा शिफारस, साक्ष आणि निर्णय यांचा विषय आहे. पण १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम पदक, सियाचीन ग्लेशियर पदक, कारगिलचे ऑपरेशन विजय पदक, ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके, ही कोणाच्या मर्जीवर नाहीत. ठरलेल्या भूभागात ठरलेला काळ सेवा केली, की ती मिळालीच पाहिजेत. पगारासारखाच तो हक्क आहे. तरीही निवृत्त होताना हातात रिबनची पट्टी असावी आणि खरे पदक ‘नंतर येईल’ म्हणून कधीच येऊ नये, हा अनुभव माजी सैनिकांना नवा नाही. मग छावणी बाजारातल्या दुकानातून प्रतिकृती विकत घेतली जाते आणि २६ जानेवारीला तीच छातीवर चढते. लांबून फरक कळत नाही. पण खऱ्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. बाजारातल्या पदकाची कड कोरी असते. राष्ट्राने या माणसाला नावाने ओळखले की नाही, याचा पुरावा त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेवर असतो. ती कोरी कड घेऊन झेंड्याला सलामी देण्याची वेळ आपण त्याच्यावर आणतो, आणि वर त्यालाच विचारतो की अर्ज का केला नाही.

अर्ज करावा म्हटले तरी काळ त्याच्या विरुद्ध असतो. लष्कराच्या नियमांनुसार निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानांची सेवेची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. कायम राहतो तो फक्त ‘लाँग रोल’, म्हणजे नावापुढची त्रोटक ओळ. जखम कुठे झाली, रुग्णालयात किती दिवस होता, कोणत्या मोहिमेत कोणत्या तारखांना होता, हा तपशील त्या ओळीत मावत नाही. सगळे कागद अनंतकाळ ठेवता येत नाहीत हे मान्य. पण नियमाने कागद जाळायचे आणि मग दावेदाराला ‘पुरावा आणा’ म्हणायचे, या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. अमेरिकेत सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली खाक झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही नव्हते. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचा कागदच उरला नाही. तिथल्या व्यवस्थेने मग काय केले? पगाराच्या पावत्या, पलटणींचे रोजचे हजेरी अहवाल, दवाखान्यांच्या नोंदी अशा आडवाटेच्या कागदांतून माणसांच्या सेवेचा पट पुन्हा उभा करण्याचे काम हाती घेतले. काठ करपलेल्या फायली सांभाळून त्यांतून अक्षरे वाचण्याचे काम त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिले. त्यातही दिरंगाई झाली, सैनिकांनी बोटे मोडली. पण कागद आमच्या ताब्यात असताना गेला, म्हणून तो पुन्हा जुळवण्यात आमचाही हात लागला पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. आपल्याकडे आग न लागताच कागद जातो आणि तत्त्वाचा मात्र पत्ता नाही.

वास्तविक हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेला अपरिचित नाही. सिग्नल्स कोअरच्या एका जवानाला नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणाने घरी पाठवले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले. ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला की भरतीच्या वेळच्या नोंदीत आजार नव्हता, तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नव्हे, लष्कराची. आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा. अपंगत्वाच्या पात्रतेचे नियम नंतर बदलले असले, तरी या निकालामागचा विचार शिळा झालेला नाही. माणूस धडधाकट आत गेला याची नोंद तुमची, तो आजारी बाहेर आला याचीही नोंद तुमची. मग मधल्या रिकाम्या जागेचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावता येणार नाही. हाच न्याय नावाला, जन्मतारखेला आणि पदकाला लावायला काय हरकत आहे?

पहिली हरकत फसवणुकीची येईल, आणि ती महाराष्ट्राला तरी झटकता येणार नाही. बीड जिल्ह्यातले बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ते आपल्याच राज्यातले. सन्मानाबरोबर निवृत्तिवेतन आणि सवलती आल्या की खोटे दावेदार उगवतात, हे खरेच. पण त्या प्रकरणाचा धडा नीट वाचला पाहिजे. भूमिगत चळवळीचे दप्तर सरकारजवळ असणे शक्यच नव्हते. तिथे ओळखीच्या माणसांची प्रमाणपत्रे हाच पुरावा होता आणि त्याच फटीतून लबाडी शिरली. सैनिकाचे तसे नाही. पलटण अमुक दिवशी कुठे होती हे युद्ध-दैनंदिनीत असते, शिधा कोणाला दिला याचा हिशेब असतो, पगार कोणत्या दराने निघाला हे लेखा खात्याला ठाऊक असते. सियाचीनचा भत्ता ज्याच्या पगारात जमा झाला, तो सियाचीनला होता की नाही हे सरपंचाच्या दाखल्यावर ठरवायची गरजच नाही. सरकारने स्वतःचे कागद स्वतः ताडून पाहिले, तर लबाड अधिक लवकर पकडला जाईल. खोट्याला अर्जदाराने आणलेला पुरावा सोयीचा असतो. सरकारच्या वहीतला पुरावा त्याला अडचणीचा.

दुसरी हरकत शौर्यपदकांच्या बाबतीत घेतली जाते आणि ती अधिक वजनदार आहे. रणांगणावरचा निवाडा तिथल्या सेनाधिकाऱ्याने करायचा असतो. पन्नास वर्षांनी खुर्चीत बसून तो फिरवू लागलो तर पदकाची किंमत राहणार नाही आणि हुकमतीचीही. यात तथ्य आहे, म्हणूनच हा दरवाजा अरुंद असला पाहिजे. पण अरुंद दरवाजा आणि बुजवलेली भिंत यांत फरक आहे. कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेल्या १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंग यादव यांचे परमवीर चक्र १९९९ मध्ये आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले; त्याच नावाचा दुसरा जवान हुतात्मा झाला होता आणि हे यादव रुग्णालयात होते. सर्वोच्च सन्मानाच्या घोषणेत एवढी चूक होऊ शकते, तर खालच्या पायऱ्यांवर होत नसतील असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? त्याच युद्धातल्या बटालिक क्षेत्रातील ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीच्या अहवालांत न्याय झाला नव्हता असे सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये ठरवले आणि इतिहासाच्या नोंदीतही दुरुस्ती सांगितली. त्याने लष्कराची हुकमत कोसळली नाही.

परदेशातले दोन दाखले हा अरुंद दरवाजा कसा असावा ते दाखवतात. अमेरिकी लष्कराचे कृष्णवर्णीय अधिकारी पॅरिस डेव्हिस यांनी जून १९६५ मध्ये व्हिएतनाममधील बाँग सोन येथे जखमी असताना सहकाऱ्यांना वाचवले. त्यांच्यासाठी केलेली मेडल ऑफ ऑनरची शिफारस हरवली. १९६९ च्या चौकशीत तिचा मागमूस लागला नाही. पुन्हा सादर केलेले कागदही गडप झाले. १९९६ च्या कायद्याने तिथे लोकप्रतिनिधीमार्फत आलेल्या जुन्या शिफारशींवरची मुदतीची अट उठवली होती. स्वयंसेवकांनी तुकड्या जुळवून प्रकरण नव्याने उभे केले आणि मार्च २०२३ मध्ये तो सन्मान मिळाला, तेव्हा डेव्हिस ८३ वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियाने याहून पद्धतशीर मार्ग काढला. तिथे लष्करी सन्मानांबाबतच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. १९४२ मध्ये बुडत्या युद्धनौकेवर तोफेला स्वतःला जखडून मरेपर्यंत गोळीबार करणाऱ्या टेडी शीन या १८ वर्षांच्या खलाशाचे प्रकरण त्याच्यासमोर आले. शिफारस झाली, सरकारने ती आधी नाकारली, पुन्हा तपासणी झाली आणि २०२० मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मंजूर झाला. एवढ्या वर्षांत तिथल्या शौर्यपदकांचा भाव घसरलेला नाही. उलट ती तपासून दिली जातात म्हणूनच त्यांवर विश्वास बसतो.

तिसरी हरकत हल्ली तयार असते, की आता सगळे संगणकावर आले आहे. निवृत्तिवेतनासाठी ‘स्पर्श’ प्रणाली आली, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या निवृत्तिवेतन आदेशांतली (पीपीओ) आणि बँकांकडची माहिती तीत ओतली गेली तेव्हा जुन्या चुकाही सोबत आल्या. कागदावर चूक फायलीत झोपून राहत असे. संगणकावर ती हयातीच्या दाखल्याच्या वेळी आडवी येते. सेवेच्या नोंदीत लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन अडकते, आणि सत्तरी ओलांडलेली विधवा नातवाचा मोबाइल धरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओसरीत बसते. यंत्राने चूक शोधून दिली, एवढे त्याचे उपकार. ती निस्तरण्याचे काम पुन्हा तिच्याच पदरात टाकले, तर आपण फक्त जुन्या उलट्या न्यायाला नवी गती दिली.

करायचे काय ते त्यामुळे अवघड नाही. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रत्येक जवानासमोर त्याची पूर्ण नोंद मराठी, हिंदी अशा त्याला वाचता येणाऱ्या भाषेत ठेवावी, आणि सहीनंतर त्यातल्या चुकीची जबाबदारी निश्चित व्हावी. सेवापदके अर्जाविना, पलटणीच्या मोहिमांच्या नोंदींवरून काढून, नाव कोरून घरपोच द्यावीत; हयात नसलेल्यांची कुटुंबाकडे. नावाच्या किरकोळ फरकांचे प्रश्न रेकॉर्ड ऑफिसने जिल्ह्यात शिबिरे घेऊन जागेवर सोडवावेत. जिथे कागद नियमाने नष्ट झाला तिथे शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा. आणि शौर्याच्या जुन्या दाव्यांसाठी, समकालीन कागद किंवा प्रत्यक्ष साक्ष यांची कडक अट घालून, लष्कराबाहेरचे एक स्वतंत्र मंडळ असावे. ‘कागद सापडत नाही’ हे त्या मंडळापुढे उत्तर मानले जाऊ नये. तो शोधण्यासाठी काय केले, हे लष्कराने सांगावे.

यातले सगळे एका वर्षात होणार नाही हे आम्हाला कळते. एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते, आणि तिने विचाराची दिशा बदलेल. छोट्या जाहिरातींच्या पानावरचा तो मजकूर पुढच्या वेळी रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने, त्यांच्या खर्चाने छापून येऊ द्या: ‘आमच्याकडून आर्मी क्रमांक अमुक यांच्या पत्नीचे नाव चुकीचे नोंदले गेले होते, ते आम्ही दुरुस्त केले आहे.’ जागा तेवढीच लागेल, शब्दही तेवढेच.