सेटिंग्जचे पान आणि आपण

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत विचारतो, छापील चिठ्ठी कशी दिसेल ते पाहतो. सेटिंग्जचे पान मात्र सहसा कोणी उघडत नाही. माझ्या मते परीक्षा प्रथम त्याच पानाची घ्यावी.

पुष्कळदा ते पान म्हणजे डावीकडे नावे आणि उजवीकडे एकसारख्या रिकाम्या चौकटी. 'होय' लिहा, 'हो' लिहा, की 'यस'. चौकट काहीही गिळते. वस्तुतः प्रत्येक सेटिंगचा प्रकार ठरलेला असतो. होय-नाही असेल तेथे खुणेची चौकट हवी, ठरावीक पर्याय असतील तेथे यादी, संख्या असेल तेथे किमान-कमाल मर्यादा आणि शेजारी एकक. नवजात शिशूचे वजन २.८ लिहिले काय नि २८०० लिहिले काय, दोन्ही संख्याच. किलो की ग्रॅम, हे सेटिंग ठरविते. किलोमागे मात्रा मोजणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला यातील धोका वेगळा सांगावयास नको. ०४/०५ ही जन्मतारीख ४ मेची की ५ एप्रिलची, यावर सहा आठवड्यांच्या लसीचा दिवस अवलंबून असतो.

नुसता प्रकार ओळखूनही भागत नाही. विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरला अमुक मूल्य संख्या आहे हे ठाऊक असते. पण ती लिहिण्याची चौकट मुळात षोडशमान पद्धतीवर उघडते. तेथे बेसावधपणे १० लिहिले की संगणक १६ समजतो! याउलट लिनक्सवरील ग्नोममध्ये प्रत्येक सेटिंगसोबत तिचा प्रकार, मूळ मूल्य, वर्णन आणि हवी तर मर्यादाही नोंदविण्याची सोय आहे. चौकट कशी दाखवावी याचा अंदाज बांधण्याची वेळच तेथे येत नाही.

अंदाजाचे परिणाम एक्सेलने दाखविले आहेतच. 'मार्च१' या जनुकाला ते तारीख समजे. अखेर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नामकरण-नियमांत अशा जनुकांची नावेच बदलावी लागली. (शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरपुढे मान तुकविली, ही गंमत निराळी!) आपोआप होणारे हे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

तेव्हा विक्रेता प्रात्यक्षिक दाखवावयास येईल, त्या वेळी संख्येच्या चौकटीत 'अबक' लिहून पाहावे. तिने ते नाकारले पाहिजे. आणि नाकारताना नुसते 'अवैध' असे न म्हणता, किती ते किती चालेल आणि कोणत्या एककात, हेही सांगितले पाहिजे.