उपचार परळला, आजारपण बदलापूरला

बालकर्करोगाची चर्चा बहुधा मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी सुरू होते आणि तिथेच संपते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, म्हणजे अपरिपक्व पांढऱ्या पेशींच्या बेसुमार वाढीतून होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे, उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील बहुतेक दिवस मूल घरीच असते, ही गोष्ट त्या चर्चेत हरवून जाते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मुलांचे हे घर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून लोकलने सुमारे दीड तासावर, तर या मासिकाच्या वाचकांच्या दवाखान्यापासून चार-दोन गल्ल्यांवर असते.

परळचे हे अंतर फसवे आहे. बिहार वा बंगालमधून आलेल्या कुटुंबाला मुंबईत निवारा नसतो हे उघड दिसते, आणि सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्थेने २००६ पासून त्यासाठी मोफत निवासाची सोय उभी केली आहे. कल्याणपलीकडच्या कुटुंबाला मात्र स्वतःचे छप्पर असल्यामुळे त्याची अडचण सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. पहाटेची गाडी, दादरची बदली आणि पेशी घटलेल्या मुलाला घेऊन गर्दीतून काढलेली वाट हा त्याचा नित्यक्रम होतो. दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करण्याची मुभा कर्करोगग्रस्तांना आहे, ही माहिती पालकांना पहिल्याच भेटीत द्यावी. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात नगावर शिलाई करणाऱ्या बापाचा प्रत्येक फेरीमागे रोज बुडतो, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागला तरी तो रोज भरून निघत नाही. नियोजित उपचार सलग चार किंवा अधिक आठवडे चुकले की त्याला ‘उपचार सोडून देणे’ म्हणतात. त्यामागे पालकांची बेफिकिरी शोधण्यापेक्षा घरातला हिशेब विचारणे अधिक उपयोगी ठरते.

स्थानिक वैद्यकाची खरी कसोटी तापाच्या रात्री लागते. केमोथेरपीमुळे न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या असताना आलेला ताप ही आणीबाणी असते. जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, तरीही पू किंवा सूज यांसारखी नेहमीची लक्षणे अनेकदा दिसत नाहीत, कारण ती घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन ‘उद्या परळला जा’ म्हणणे धोक्याचे आहे. रक्ताचा नमुना घेऊन, पण अहवालाची वाट न पाहता, पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाची मात्रा देणे आणि मग उपचार करणाऱ्या केंद्राशी बोलून मुलाला पुढे पाठवणे हाच क्रम योग्य होय. प्लेटलेट कमी असण्याची शक्यता धरून स्नायूत इंजेक्शन देणे, गुदद्वारातून तापमान घेणे आणि आयब्युप्रोफेन देणे टाळावे. पावसाळ्यात तर पहिली मात्रा गावातच देण्याला पर्यायच राहत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी तापलेल्या मुलासाठी परळ अस्तित्वातच नसते. म्हणून तिन्ही शहरांत ही पहिली मात्रा रात्री-अपरात्री कुठे मिळेल हे आधीच ठरलेले असावे, आणि त्या ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक पालकांच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.

उपचारांच्या शेवटच्या दीर्घ टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतलेले मेथोट्रेक्सेट जीवघेणे ठरू शकते, त्यामुळे गोळ्यांची मोजणी हे डॉक्टर आणि औषधविक्रेता या दोघांचेही काम आहे. याच काळात मूल शाळेत परतते; वर्गात कांजिण्यांचा रुग्ण निघाल्यास त्याच दिवशी कळवावे, एवढी एक विनंती मुख्याध्यापकांकडे लेखी गेली तरी बराच धोका टळतो. शेजाऱ्यांकडे ठेवलेले धाकटे भावंड वारंवार पोटदुखी घेऊन दवाखान्यात येऊ लागले, तर जंताचे औषध लिहिण्यापूर्वी घरी आई किती दिवसांनी येते हे विचारून पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले जगावीत असे आहे. जगलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा विभाग चालतो, कारण उपचारांचे काही परिणाम वर्षानुवर्षांनी प्रकटतात: डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, सिस्प्लाटिनने ऐकू येणे कमी होते, मेंदूवरील किरणोपचारांमुळे वाढ आणि शिकण्याचा वेग मंदावतो. धाप लागते म्हणून दहा-पंधरा वर्षांनी अंबरनाथच्या एखाद्या फिजिशियनकडे येणारी तरुणी हा जुना आजार स्वतःहून सांगेलच असे नाही. काही घरांत तो लग्न जमेपर्यंत, आणि नंतरही, लपवला जातो. म्हणून कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले आणि किरणोपचार कुठे झाले याची नोंद असलेल्या उपचार-सारांशाची एक प्रत, मूल अठरा वर्षांचे होऊन बालरोगतज्ज्ञाच्या हातून सुटण्याआधी, कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पोहोचलेली असावी.