हाताला पडलेले प्रश्न

चित्रकला हा हाताचा खेळ आणि शास्त्र हा बुद्धीचा उद्योग, अशी एक समजूत समाजात घट्ट रुजलेली आहे. त्यामुळे मूल सातवी-आठवीत गेले, की त्याच्या हातातील कुंचला हळूच काढून घेतला जातो आणि 'आता अभ्यासाला लाग' असे त्याला बजावण्यात येते. बजावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु ही वाटणी मुळातच चुकीची आहे. सुंदर वस्तू घडवू पाहणाऱ्याला पावलोपावली 'असे का झाले?' हा प्रश्न पडतो. आणि शास्त्राचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

याची साक्ष अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, मातीतच मिळाली आहे. संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्या उत्खननात जी मातीची भांडी सापडली, त्यांवरून महाराष्ट्रातील एका प्राचीन संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव मिळाले. तिचा काळ इ. स. पूर्व १४०० ते ७०० असा सामान्यतः मानला जातो. ही भांडी चाकावर घडवलेली, तांबड्या रंगाची आणि इतकी उत्तम भाजलेली आहेत, की त्यांवर टिचकी मारली असता धातूसारखा नाद निघतो. त्यांच्या अंगावर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेषांची रेखीव नक्षी आहे.

ही भांडी घडवणारा कुंभार कलावंत होता की शास्त्रज्ञ? त्याला डौलदार आकार हवा होता, म्हणून कोणती माती घ्यावी, ती किती मळावी आणि किती सुकवावी, हे त्याला शोधावे लागले. त्याला सुरेख रंग हवा होता, म्हणून आगीचा स्वभाव ओळखावा लागला. आजही वीटभट्टीत काळसर मातीची वीट तांबडी होऊन बाहेर येते. मातीतील लोहाचा तापलेल्या अवस्थेत हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, म्हणून हा रंग येतो. त्या कुंभाराला प्राणवायूचे नाव ठाऊक नव्हते. पण भट्टीत वारा कसा खेळवावा, हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

त्याच प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली धातूची चार भरीव, ओतीव शिल्पे सापडली. त्यांपैकी एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ होय. बैल घडवण्याची ही हौस आजच्या मुलांतही आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी अनेक घरांच्या ओट्यांवर मातीचे बैल सुकत ठेवलेले दिसतात; आणि सकाळी पाहावे, तो एखाद्याचे शिंग गळून पडलेले असते, एखाद्याच्या पोटाला तडा गेलेला असतो.

मूल हिरमुसते, हे स्वाभाविकच आहे. तथापि खरा धडा येथेच सुरू होतो. काळी माती ओली असता फुगते आणि सुकताना आकसते. बारीक शिंग लवकर सुकते, जाड धड मात्र आतून ओलेच राहते. एक भाग आकसतो आणि दुसरा आकसत नाही, म्हणून सांधा सुटतो. यावर उपाय काय? मातीत थोडी चाळलेली राख अथवा बारीक वाळू मिसळावी. सांध्याच्या दोन्ही बाजू काडीने खरवडून त्यांना पातळ चिखल लावावा. बैल उन्हात न ठेवता सावलीत सुकवावा. हे तिन्ही उपाय तीन निरनिराळ्या बैलांवर करून पाहिले, तर कोणता उपाय अधिक गुणकारी, तेही कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा नियम अशा रीतीने घराच्या ओट्यावर शिकता येतो.

दुसरा खेळ स्वयंपाकघरातील हळदीचा आहे. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवून ती जाड, खरखरीत कागदावर कुंचल्याने सारखी पसरावी. कागद सावलीत वाळला, की त्यावर कडुनिंबाची अथवा चिंचेची डहाळी सपाट ठेवावी आणि कडांना खडे ठेवून कागद कडक उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उन्हाने विटतो. काही तासांनी अथवा एक-दोन दिवसांनी डहाळी उचलली, तर तिच्याखालचा भाग गडद पिवळा राहिलेला असतो आणि भोवतीचा कागद फिका पडलेला दिसतो. सूर्याने काढलेले हे चित्रच होय! इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलापानांच्या रसांवर ऊन पाडून असेच प्रयोग केले होते.

आता कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून या चित्रातील पानांच्या शिरा रेखाटाव्यात. त्या लालसर उमटतात. त्यांवर लिंबाचा रस लावला, की त्या पुन्हा पिवळ्या होतात. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, याचे उत्तर येथे मिळते. साबणातील क्षाराने हळदीचा रंग बदलतो आणि लिंबातील आम्लाने तो परत येतो. पाथर्डी-जामखेडकडील मुलांना या खेळासाठी ऊन मुबलक मिळेल. भंडारदऱ्याकडील मुलांना मात्र आषाढ-श्रावणातील पाऊस सरेपर्यंत वाट पाहावी लागेल. निसर्गाच्या सवडीने काम करणे, हेही एक शिक्षणच आहे.

अशा खेळांना परीक्षेत गुण नाहीत, अशी हरकत घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. वेळ थोडा असतो आणि अभ्यास पुष्कळ. परंतु आम्ल आणि क्षार यांची व्याख्या दहा वेळा घोकूनही जी विसरली जाते, ती एकदा स्वतः रंगवलेल्या पानावर पाहिली, की सहसा विसरत नाही. दुसरे असे, की बाजारात तयार बैल मिळतो आणि तयार साहित्याची पेटीही मिळते. तिच्यात वाईट काही नाही. मात्र जेथे सर्व काही ठरल्याप्रमाणेच घडते, तेथे प्रश्न पडण्याचे प्रसंगही थोडेच येतात. ओबडधोबड माती आणि चमचाभर हळद यांतून ते सहज येतात, आणि त्यांना पैसाही लागत नाही.

म्हणून येत्या पोळ्याला कोणाच्या बैलाचे शिंग गळाले, तर ते लगेच फेकून देऊ नये. ते कोठे तुटले आणि का तुटले, हे आधी नीट पाहावे, वहीत त्याची आकृती काढावी, आणि मग माती पुन्हा भिजवावी.